स्तुतीचे सामर्थ्य : नेरुळच्या मैदानावरून उठलेला एक प्रश्न

दिनांक ३० ऑक्टोबर २०२५ रोजी नेरुळच्या डॉ. डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारतीय महिला क्रिकेट संघाने ऑस्ट्रेलियाचा पाच गडी राखून पराभव केला आणि विश्वचषक स्पर्धेच्या अंतिम फेरीत प्रवेश मिळविला. ऑस्ट्रेलियाने ३३८ धावा केल्या होत्या. महिलांच्या एकदिवसीय क्रिकेटमध्ये एवढ्या धावांचा पाठलाग त्यापूर्वी कोणत्याही संघाला साधला नव्हता. भारताने तो नऊ चेंडू शिल्लक असतानाच पूर्ण केला. या विजयात कर्णधार हरमनप्रीत कौर हिच्या ८९ धावांचा मोठा वाटा होता आणि मुंबईची जेमिमा रॉड्रिग्ज १३४ चेंडूंत १२७ धावा काढून अखेरपर्यंत नाबाद राहिली.

त्या रात्री मैदानावर जे घडले त्याची नोंद क्रीडा-इतिहासात झालीच आहे. परंतु सामना संपल्यावर जे घडले ते आपल्या धर्मग्रामांत अद्याप बोलले जात आहे. सामनावीराचा पुरस्कार स्वीकारताना डोळ्यांतील अश्रू आवरत जेमिमाने सर्वप्रथम प्रभू येशूचे आभार मानले. हे आपल्याला एकटीच्या बळावर शक्य झाले नसते, असे ती म्हणाली. डावाच्या अखेरीस शरीर थकले असता आपण पवित्र शास्त्रातील एक वचन मनाशी म्हणत होतो, असेही तिने सांगितले. आपण स्थिर उभे राहावे, परमेश्वर आपल्यासाठी लढेल, असा त्या वचनाचा आशय होता.

कोट्यवधी लोकांनी हे शब्द ऐकले. आपल्यापैकी अनेकांचा ऊर भरून आला. आपल्याच नवी मुंबईत, वाशी-नेरुळच्या आपल्या रोजच्या वाटेवरील मैदानावर, प्रभूचे नाव इतक्या निर्भयपणे घेतले गेले याचा आनंद होणे स्वाभाविक आहे. तथापि आनंदाचा भर ओसरल्यावर एक प्रश्न उरतो व त्याचा विचार श्रद्धावंतांनी शांतपणे करावयास हवा. परमेश्वराची स्तुती केल्याने नेमके काय घडते? स्तुतीमध्ये सामर्थ्य आहे असे आपण प्रार्थनासभेत वारंवार ऐकतो. ते सामर्थ्य कोणते?

दोन घाईची उत्तरे

या प्रश्नाला त्या रात्रीनंतर दोन उत्तरे मिळाली. आमच्या मते दोन्ही घाईची आहेत.

पहिले उत्तर आपल्याच लोकांचे आहे. तिने स्तुती केली, म्हणून विजय मिळाला, असे ते सांगते. हे उत्तर ऐकायला गोड आहे. परंतु त्याचा थोडा विचार करावा. ऑस्ट्रेलियाच्या बाजूने फीबी लिचफिल्ड हिने त्याच दिवशी ११९ धावा केल्या. त्या देशातही प्रार्थना करणारी कुटुंबे आहेत. परमेश्वराने त्यांच्याकडे पाठ फिरविली, असे म्हणण्याचे धाडस आपण करणार आहोत काय? पुढे २ नोव्हेंबर रोजी त्याच मैदानावर अंतिम सामना झाला. दक्षिण आफ्रिकेवर ५२ धावांनी मात करून भारताने विश्वचषक जिंकला. त्या सामन्यात जेमिमाच्या धावा होत्या चोवीस. तीन दिवसांत तिची श्रद्धा कमी झाली होती, असे कोणीही म्हणणार नाही.

दुसरे उत्तर टीकाकारांचे होते. श्रद्धा ही घरात ठेवण्याची वस्तू आहे, ती मैदानावर आणू नये, असे समाजमाध्यमांवर काहींनी सुनावले. ही टीका जेमिमाच्या वाट्याला प्रथमच आली असे नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईतील एका जिमखान्याने तिचे मानद सभासदत्व काढून घेतले होते. तिच्या वडिलांनी तेथील सभागृह धार्मिक कार्यासाठी वापरले असा काही सभासदांचा आक्षेप होता. नियमांनुसार परवानगी घेऊन आपण प्रार्थनासभा भरविल्या आणि आक्षेप उठताच त्या थांबविल्या, असे वडिलांनी त्या वेळी स्पष्ट केले होते. तो वाद येथे पुन्हा उकरण्याची गरज नाही. परंतु इतके ध्यानात घ्यावे की नेरुळला तिने उच्चारलेला प्रभूचा नामोल्लेख फुकटचा नव्हता. त्याची किंमत तिच्या कुटुंबाला ठाऊक होती.

टीकाकारांना आमचे सांगणे एवढेच की, शतकानंतर आकाशाकडे पाहून आपल्या दिवंगत पित्याचे स्मरण करणारा सचिन तेंडुलकर या देशाने प्रेमाने स्वीकारला. मैदानाला नमस्कार करणारे, गळ्यातील ताईत ओठांना लावणारे, सामन्यानंतर आपल्या देवाचे नाव घेणारे खेळाडू आपण सर्वांनी पाहिले आहेत. त्यांचे कृत्य जसे निर्मळ, तसेच हे. तिने कोणालाही उपदेश केला नाही. स्वतःविषयी बोलताना स्वतःच्या प्रभूचे नाव घेतले. भारतीय राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमाने प्रत्येक नागरिकाला धर्मपालनाचे स्वातंत्र्य दिले आहे. ते स्वातंत्र्य खेळाचा गणवेश चढविताच संपत नाही.

तथापि टीकाकारांना उत्तर देणे सोपे आहे. पहिल्या उत्तराला उत्तर देणे अधिक अवघड व अधिक निकडीचे आहे, कारण ते आपल्या घरात बसलेले आहे.

गोड उत्तराची कडू बाजू

ज्या घरात कर्त्या पुरुषाची नोकरी गेली आहे, ज्या घरात आई केमोथेरपीच्या फेऱ्या मोजीत आहे, ज्या घरातील मुलाला तिसऱ्या प्रयत्नातही प्रवेश परीक्षेत यश आले नाही, ती घरेही दर आठवड्याला प्रार्थनासभेला येतात. तीही हात उंचावतात, तीही 'आलेलुया' म्हणतात. स्तुती केली म्हणून विजय, असे आपण व्यासपीठावरून सांगतो तेव्हा या घरांना त्याच वाक्याची उलटी बाजू ऐकू येते. विजय नाही, म्हणजे आपली स्तुती उणी पडली. दुःख तर होतेच. त्यावर दोषही लादला जातो. काही जण मग प्रार्थनासभेला येणे सोडतात, व आपण त्यांच्या श्रद्धेविषयी कुजबुजतो. वस्तुतः उणीव त्यांच्या श्रद्धेत नसते. आपल्या शिकवणुकीत असते.

जेमिमाची कथा पूर्ण ऐकली तर ती या गोड उत्तराला मुळीच दुजोरा देत नाही. या स्पर्धेच्या काळात आपण तीव्र चिंतेने ग्रासलो होतो, जवळजवळ रोज रडत होतो, हे तिने स्वतः सांगितले. इंग्लंडविरुद्धच्या साखळी सामन्यात तिला संघातून वगळण्यात आले होते. श्रद्धा त्या दिवसांतही होतीच. तरीही अश्रू थांबले नाहीत. तिने आपल्या आईचा व सोबत्यांचा उल्लेख केला. जिच्यासमोर ती रोज रडली ती अरुंधती रेड्डी, सरावाच्या वेळी काही न बोलता नुसतीच जवळ उभी राहिलेली स्मृती मानधना, आणि पाठीशी असलेली राधा यादव. परमेश्वराची कृपा बहुधा अशाच वाटेने येते. ती एखाद्या मैत्रिणीच्या पावलांनी येते व काही न बोलता शेजारी उभी राहते. चिंतेने ग्रासलेल्या माणसाने स्तुती करावी, तसेच जवळच्या माणसाशी बोलावे, गरज असल्यास डॉक्टरांकडेही जावे. या तिन्हींत विरोध नाही.

निर्गमातील एक वचन आणि त्यापुढील वचन

तिने मनाशी घोळविलेले वचन 'निर्गम' या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायातील आहे. तो प्रसंग आठवावा. इस्राएली लोक मिसर देशातून निघाले आहेत. समोर समुद्र, मागे फारोचे रथ. लोक मोशेवर संतापले आहेत. येथे मरण्यापेक्षा गुलामगिरी बरी, असे म्हणत आहेत. त्या गलक्यात मोशे त्यांना शांत राहण्यास सांगतो. लढाई परमेश्वराची आहे, असा त्याचा विश्वास आहे.

हे वचन आपल्या घरांतील भिंतींवर असते. परंतु त्याच्या लगेच पुढचे वचन कोणी भिंतीवर लावीत नाही. तेथे परमेश्वर मोशेला विचारतो की तू माझा धावा का करीत बसला आहेस. लोकांना पुढे चालावयास सांग. समुद्र अद्याप दुभंगलेला नाही, तरी आज्ञा पुढे जाण्याची आहे.

अंतःकरणाने स्थिर व्हावे आणि पावलांनी चालत राहावे, असा या दोन वचनांचा मिळून अर्थ आहे. नेरुळच्या मैदानावर जेमिमा उभी राहिली म्हणजे बॅट टेकवून उभी राहिली नाही. १३४ चेंडू तिने खेळून काढले, धावा पळून काढल्या. शांत झाले ते तिचे आतले भय. स्तुतीचे पहिले सामर्थ्य हे आहे. माणूस जेव्हा परमेश्वराला परमेश्वर म्हणून मान्य करतो, तेव्हा सर्व जगाचा भार आपल्या एकट्याच्या खांद्यावर आहे हा भ्रम गळून पडतो. भार हलका झालेला माणूस अधिक चांगले चालतो.

पंधराव्या अध्यायात समुद्रापलीकडचे स्तुतिगीत आहे. मिर्याम डफ घेते, स्त्रिया नाचू लागतात. आपण बहुधा येथे थांबतो. परंतु त्याच अध्यायात पुढे, अवघ्या तीन दिवसांच्या वाटचालीनंतर, मारा येथील पाणी कडू लागताच तेच लोक पुन्हा कुरकुर करू लागतात. समुद्र ओलांडताना गाणे सोपे असते. कडू पाण्याजवळ ते टिकविणे हीच खरी साधना होय. विश्वचषकाच्या रात्री सगळेच गातात. प्रश्न असतो तो तीन दिवसांनंतरचा.

आभार आणि स्तुती

ख्रिस्तसभेची धर्मशिक्षणावली प्रार्थनेचे निरनिराळे प्रकार सांगते. त्यांत आराधना आहे, याचना आहे, मध्यस्थीची प्रार्थना आहे, आभारप्रदर्शन आहे आणि स्तुती आहे. आभार व स्तुती या दोहोंत आपण सहसा भेद करीत नाही. भेद मात्र महत्त्वाचा आहे. परमेश्वराने जे दिले त्याबद्दल आपण आभार मानतो. परमेश्वर जो आहे त्याबद्दल आपण स्तुती करतो. आभार हातातील दानाकडे पाहतात. स्तुती दात्याच्या मुखाकडे पाहते. म्हणून हात रिकामे असतानाही स्तुती करता येते.

हबक्कूक संदेष्ट्याने हेच शिकविले. अंजिराला बहर नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, शेतात पीक नाही, गोठ्यात गुरे नाहीत. एवढी उणिवांची यादी सांगून झाल्यावर तो म्हणतो की तरीही मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. त्या 'तरीही' मध्ये स्तुतीचे सारे सामर्थ्य साठविलेले आहे. स्तोत्रसंहितेतील बाविसावे स्तोत्र परमेश्वराने आपला त्याग का केला या आर्त प्रश्नाने सुरू होते आणि मंडळीच्या मध्यभागी गायिलेल्या स्तुतीपर्यंत पोहोचते. क्रूसावर टांगलेल्या आपल्या प्रभूने त्याच स्तोत्राचा आरंभ उच्चारला होता. गेथशेमाने बागेकडे निघण्यापूर्वीही त्याने शिष्यांसह स्तोत्र गायिले, असे संत मत्तय व संत मार्क सांगतात. पुढे काय वाढून ठेवले आहे हे ठाऊक असताना गायिलेले ते स्तोत्र होते.

संत फ्रान्सिस असिसीकर यांचे सूर्यगीत सर्वांना परिचित आहे. सूर्याला बंधू व चंद्राला भगिनी म्हणणारा हा संत निसर्गाच्या शोभेत रममाण होऊन ते गीत रचीत असेल, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात इ. स. १२२५ च्या सुमारास, सान दामियानो येथे आजारी अवस्थेत, दृष्टी जवळजवळ गेलेली असताना त्यांनी ते रचले. जो प्रकाश त्यांच्या डोळ्यांना सहनही होत नव्हता, त्याबद्दल त्यांनी परमेश्वराची स्तुती केली. पोप फ्रान्सिस यांनी १३ जानेवारी २०२१ रोजीच्या आपल्या प्रबोधनात याच उदाहरणाचा आधार घेतला. जग महामारीने होरपळत असताना त्यांनी स्तुतीच्या प्रार्थनेवर प्रवचन केले आणि स्तुती सुखाच्या काळाइतकीच, किंबहुना अधिक, अंधाराच्या काळात करावयाची असते हे समजावून दिले. परमेश्वराला आपल्या स्तुतीची गरज नाही. तिची गरज आपल्याला आहे, हा त्या शिकवणुकीचा गाभा.

प्रेषितांच्या कृत्यांतील फिलिप्पैच्या तुरुंगाचा प्रसंग या दृष्टीने पुन्हा वाचावा. पौल व सीला यांना फटके मारून, पाय खोड्यात अडकवून आतल्या कोठडीत टाकले होते. मध्यरात्री ते प्रार्थना करीत व स्तुती गात होते आणि इतर बंदिवान ऐकत होते. भूकंप झाला, दारे उघडली, बेड्या गळून पडल्या. प्रार्थनासभेत आपण येथपर्यंत उत्साहाने सांगतो. परंतु पौल आणि सीला पळाले नाहीत. दारे उघडी असूनही ते तेथेच राहिले; आणि कैदी पळाले या समजुतीने जीव देऊ पाहणाऱ्या तुरुंगाधिकाऱ्याला त्यांनी वाचविले. बेड्या गळण्यापूर्वीच ते मोकळे झाले होते. म्हणून त्यांना उघड्या दाराची घाई नव्हती. स्तुतीने माणूस स्वतःच्या सुटकेपलीकडे पाहू लागतो आणि ज्याने आपल्याला कोंडले त्याच्या जिवाचीही चिंता करतो. हे स्तुतीचे दुसरे सामर्थ्य होय.

आवाजाचा प्रश्न

स्तुतीच्या सामर्थ्याविषयी आणखी एक गैरसमज आहे. आवाज जितका मोठा, तितके सामर्थ्य अधिक, असा तो समज. जानेवारी २०२५ मधील दोन घटनांनी या समजाचा विचार करावयास आपल्याला भाग पाडले आहे.

त्या महिन्याच्या १८, १९ व २१ तारखांना नेरुळच्या याच स्टेडियममध्ये 'कोल्डप्ले' या ब्रिटिश वाद्यवृंदाचे कार्यक्रम झाले. आपल्या धर्मग्रामांतील अनेक तरुण तेथे होते. हजारो माणसे एका सुरात गाऊ लागली की अंगावर रोमांच उभे राहतात. आपण स्वतःहून मोठ्या कशाचा तरी भाग आहोत असे वाटते. तो अनुभव खोटा नाही. समूहाने गाणे ही मानवाला मिळालेली नैसर्गिक देणगी आहे. परंतु नेमके म्हणूनच प्रार्थनासभेत अंगावर आलेला रोमांच हा पवित्र आत्म्याच्या कार्याचा पुरावा समजू नये. फरक रोमांचात नसतो. कार्यक्रम संपल्यावर माणूस घरी कसा जातो, पत्नीशी कसा बोलतो, नोकराचा पगार वेळेवर देतो की नाही, यांत तो दिसतो.

त्यानंतर दोनच दिवसांनी, २३ जानेवारी २०२५ रोजी, मुंबई उच्च न्यायालयाने कुर्ला-चुनाभट्टी परिसरातील गृहनिर्माण संस्थांच्या याचिकेवर निर्णय दिला. ध्वनिक्षेपकाचा वापर हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा पाळली जावी आणि तक्रारदाराचे नाव उघड न करता पोलिसांनी कारवाई करावी, असेही सांगितले. त्यानंतर शहरातील प्रार्थनास्थळांवरील भोंगे उतरविण्याची मोहीम झाली. मुंबईत दीड हजारांहून अधिक भोंगे उतरविले गेल्याचे मुख्यमंत्र्यांनी जुलै २०२५ मध्ये विधानसभेत सांगितले.

हा प्रश्न इतर धर्मीयांचा आहे, असे समजून आपण निश्चिंत राहू नये. ध्वनिप्रदूषणासंबंधी सर्वोच्च न्यायालयाचा जो निर्णय आजही आधारभूत मानला जातो, तो ३० ऑगस्ट २००० चा निर्णय चेन्नईतील एका ख्रिस्ती मंडळीच्या प्रार्थनेविषयीच आहे. ढोल व ध्वनिक्षेपक लावून चाललेल्या त्या प्रार्थनेचा शेजारच्या वसाहतीला त्रास होत होता. इतरांची शांतता मोडून प्रार्थना करावी असे कोणताही धर्म सांगत नाही, असे न्यायालयाने म्हटले.

पवित्र शास्त्राला हे नवे नाही. दीडशेवे स्तोत्र झांजांच्या दणदणाटासह स्तुती करावयास सांगते, हे खरे. परंतु आमोस संदेष्ट्याच्या मुखाने तोच परमेश्वर म्हणतो की तुमच्या गीतांचा गोंगाट मजपासून दूर करा आणि न्याय पाण्याप्रमाणे वाहू द्या. एलीयाला तो वादळात, भूकंपात वा अग्नीत भेटला नाही. मंद, शांत वाणीत भेटला. करिंथ येथील मंडळीत सर्व जण एकाच वेळी अन्य भाषांत बोलू लागत, तेव्हा संत पौलाने त्यांना विचारले की बाहेरचा कोणी आत आला तर तो तुम्हाला वेडे म्हणणार नाही काय? शेजाऱ्याला काय ऐकू येते याची चिंता हा अशा रीतीने प्रेषितांच्या काळापासून उपासनेचाच एक भाग आहे.

नवी मुंबईत तो विशेष महत्त्वाचा आहे. येथे आपण एका भिंतीच्या अलीकडे-पलीकडे राहतो. अलीकडे प्रार्थनासभा चालू असते आणि पलीकडे कोणाचे तान्हे मूल झोपलेले असते, कोणी रात्रपाळी करून आलेला असतो, कोणाच्या दहावीच्या मुलीचा दुसऱ्या दिवशी पेपर असतो. त्या घराला आपली स्तुती त्रास म्हणून ऐकू आली तर प्रभूच्या नावाला उजाळा मिळत नाही. उलट, ज्या कुटुंबाचे लोक आजारपणात धावून येतात, पाण्याच्या तंट्यात नमते घेतात, त्यांच्या घरातून हलक्या आवाजात गीत ऐकू आले तर शेजारी दार लावून घेत नाही. फिलिप्पैच्या तुरुंगात ध्वनिक्षेपक नव्हता. तरीही बंदिवान ऐकत होते.

याचा अर्थ आपण संकोचाने मुके व्हावे असा नव्हे. पोप फ्रान्सिस यांनी २८ जानेवारी २०१४ रोजी दावीद राजाच्या नृत्यावर प्रवचन करताना विचारले होते की, आपल्या संघाने गोल केला की तुम्हाला ओरडता येते, मग परमेश्वराची स्तुती गाता का येत नाही? नेरुळच्या मैदानावर घसा बसेपर्यंत ओरडलेले आपण रविवारच्या मिस्सामध्ये ओठही हलवीत नाही, हे दृश्य प्रत्येक चर्चमध्ये दिसते. शेजाऱ्याच्या भिंतीशी मोठा आवाज आणि वेदीपुढे मौन, असे आपले उलटे झाले आहे. ते सुलटे व्हावयास हवे.

आपली भाषा, आपला सूर

कॅथलिक ख्रिस्तसभेतील करिष्माई नवचैतन्याची चळवळ फेब्रुवारी १९६७ मध्ये अमेरिकेतील पिट्सबर्ग येथील ड्युकेन विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांच्या एका साधनेतून उगम पावली आणि १९७२ मध्ये भारतात प्रथम मुंबईत पोहोचली. खाडीपलीकडे नवे शहर वसविण्यासाठी त्याच्या दोनच वर्षे आधी सिडको स्थापन झाली होती. शहर आणि चळवळ अशी एकाच पिढीत वाढली. आगरी-कोळ्यांच्या ९५ गावांच्या भूमीवर हे शहर उभे राहिले. केरळ, गोवा, मंगळूर, तमिळनाडू, वसई येथून येऊन स्थायिक झालेल्या, परस्परांची भाषा न जाणणाऱ्या श्रद्धावंतांना प्रार्थनासभेने एकत्र आणले, हे तिचे ऋण मान्य केले पाहिजे. सारे श्रद्धावंत निरनिराळ्या भाषांत एकच आमेन म्हणतात, यात पेन्टेकॉस्टच्या दिवसाची काही छाया आहे.

परंतु या मेळ्यात मराठी स्तुती क्षीण झाली आहे. आपली मुले इंग्रजी स्तुतिगीते पडद्यावर पाहून गातात. आजीला येणारे मराठी भजन त्यांना येत नाही. वास्तविक आपला वारसा लहान नाही. जेझुइट धर्मगुरू थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये प्रसिद्ध झाले. इंग्लंडहून आलेल्या या धर्मगुरूने प्रभूची स्तुती ओवीत केली आणि ओघात मराठी भाषेचीही केली. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची भजने सर्व पंथांच्या मराठी ख्रिस्ती जनांनी आपली मानली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर १९६३ मध्ये उपासनाविषयक संविधानाद्वारे लोकभाषेला वेदीजवळ स्थान दिले. माणूस आनंदात कोणत्याही भाषेत गाऊ शकतो. परंतु रुग्णालयाच्या खाटेवर, पहाटे तीन वाजता, जे गीत ओठांवर येते ते बहुधा आईच्या भाषेतील असते. ते गीत मुलांना आज शिकविले नाही तर त्या पहाटे ते येणार कोठून?

आपण काय करावे

आमच्या काही नम्र सूचना आहेत. घरोघरी संध्याकाळची रोझरी होते. तिच्या आरंभी, कोणतेही मागणे मागण्यापूर्वी, कुटुंबातील प्रत्येकाने एकेक वाक्य केवळ स्तुतीचे म्हणावे, तेही आपल्या भाषेत. परीक्षेच्या निकालाच्या दिवशी निकाल पाहण्यापूर्वी ते म्हणावे, नंतर नव्हे.

प्रार्थनासभांच्या नेत्यांनी साक्षी देताना ज्यांची विनंती मान्य झाली त्यांनाच पुढे बोलावू नये. ज्यांचा रुग्ण बरा झाला नाही, तरीही ज्यांचा विश्वास टिकला, त्यांची साक्ष अधिक मोलाची आहे. आणि ज्यांना सध्या गाताच येत नाही, त्यांना गाण्याची सक्ती न करता त्यांच्या शेजारी बसावे. मंडळीची स्तुती एकेकट्याची नसते. ज्याचा कंठ दाटला आहे, त्याच्या वाट्याचे इतरांनी गावे. आपल्या स्तुतीचा परमबिंदू पवित्र मिस्साबलिदान आहे. 'यूखरिस्त' या शब्दाचा मूळ अर्थच आभारप्रदर्शन. तेथे ख्रिस्त स्वतः आपल्या वतीने पित्याची स्तुती करतो. म्हणून आपला सूर लागला नाही तरी स्तुती थांबत नाही.

नेरुळच्या त्या रात्री एका तरुणीने जिंकल्यावर प्रभूचे नाव घेतले. त्याआधी कित्येक दिवस ती रडत असतानाही तेच नाव तिच्यापाशी होते, हे आपण विसरू नये. जग तिच्या विजयाची आठवण ठेवील. आपल्या धर्मग्रामांतील अनेक बंधुभगिनी अद्याप त्या रडण्याच्या दिवसांत आहेत. येत्या रविवारी वेदीपुढे उभे राहताना त्यांच्यासाठीही आपण मोठ्याने गावे, आणि मिस्सा संपल्यावर त्यांच्या घरी जावे.